दुधाला महागाई भत्ता कोण देणार?



या पानावर नेहमी पगार, पेन्शन, रिक्त जागा आणि ठेकेदारी हे विषय असतात. या वेळी दुधावर लिहितो आहे. काही जण म्हणतील, सेक्रेटरीचे विषय संपले काय? विषय संपलेले नाहीत. पण गेल्या काही वर्षांत आपल्या कँटीनमध्ये, रनिंग रूममध्ये, टपाल कार्यालयात दुपारी डबे उघडले की एक वाक्य वारंवार कानावर येते : 'दूधवाल्या शेतकऱ्यांचे बरे आहे, ते आंदोलन करतात आणि कात्री आमच्या खिशाला लागते.' महिन्याच्या सुरुवातीला दुधाचे बिल भागवणाऱ्या माणसाला असे वाटणे साहजिक आहे. तरी ते खरे नाही, आणि युनियनच्या माणसाने ते ऐकून गप्प बसणे बरोबर नाही.

आधी आपल्याच पगाराकडे पाहू. १९५७ साली पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतन कसे काढायचे याचे सूत्र ठरवले. कुटुंबाचे तीन घटक धरायचे, त्यांना लागणारे धान्य, डाळ, भाजी, दूध, तेल, कापड मोजायचे आणि त्याला बाजारभाव लावायचा. सातव्या वेतन आयोगाने १८ हजार रुपये किमान वेतन काढले ते याच वाटेने. त्याच्या तक्त्यात दूध घटकामागे रोज २०० मिली धरले आहे. तीन घटकांचे महिन्याला १८ लिटर झाले. ते पुरते की नाही हा आपला जुना वाद आहे, तो आज बाजूला ठेवू. मुद्दा असा की आपला ट्रॅकमेंटेनर असो की पोस्टातला एमटीएस, त्याच्या मूळ पगाराच्या हिशेबात १८ लिटर दूध बसलेले आहे.

पुढे दूध महागले तर काय होते? लेबर ब्युरो देशातल्या ८८ औद्योगिक केंद्रांतून भाव गोळा करते. मुंबई, पुणे, नागपूर, सोलापूर ही त्यातलीच. त्यावरून औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक निघतो आणि त्यावर जानेवारी-जुलैचा आपला महागाई भत्ता ठरतो. त्या निर्देशांकात दूध आहे. म्हणजे पिशवी दोन रुपयांनी वाढली तर उशिरा का होईना, तुटपुंजी का होईना, पण भरपाई आपल्याकडे येते. ही व्यवस्था कोणी मेहेरबानीने दिलेली नाही. लढून मिळवलेली आहे आणि ती आपण जपतो.

आता ज्याच्या गोठ्यातून ते दूध निघते त्याचा हिशेब मांडा. सरकी पेंडेचे पोते महागले, कडब्याची पेंढी महागली, मुरघास करायला मका महागला, डॉक्टरची फी वाढली. याचा कोणताही निर्देशांक त्याच्या दुधाच्या दराला जोडलेला नाही. उलट पेंड वर जाते त्याच महिन्यात दूध खाली येते, असे अनेकदा घडलेले आहे. दुधाचा भाव वाढला की आपला भत्ता वाढतो, पण पेंडेचा भाव वाढल्याने दुधाचा दर वाढत नाही. या लेखात मला एवढीच एक गोष्ट सांगायची आहे. बाकी सगळे तिचे पुरावे आहेत.

दौंड-मनमाड मार्गावरच्या आमच्या गावाकडे धाकटा भाऊ चार संकरित गाई सांभाळतो. त्याच्या घरची ड्युटी म्हणजे आपल्या भाषेत स्प्लिट ड्युटी. पहाटे पाचला शेण काढण्यापासून सुरुवात, धार, केंद्रावर दूध घालणे, मग चारा कापणे, कुट्टी करणे, पाणी दाखवणे, आणि संध्याकाळी पुन्हा तेच. साप्ताहिक सुट्टी नाही, नाइट अलाउन्स नाही, गाय अडली तर रात्रभर जागरण. यातले निम्म्याहून जास्त काम वहिनी करते. तिच्या मजुरीचा रुपयासुद्धा कोणाच्या हिशेबात येत नाही. आठ तासांच्या कामासाठी ज्यांच्या बापजाद्यांनी लाठ्या खाल्ल्या त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

दर दहा दिवसांनी त्याचे बिल निघते. ते बिल समजून घ्यायला मला दोन दिवाळ्या लागल्या. गायीच्या दुधाचा जाहीर दर असतो तो ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ या प्रतीचा. फॅट म्हणजे स्निग्धांश, साय-लोण्याचा भाग. एसएनएफ म्हणजे स्निग्धांश सोडून उरणारे घन पदार्थ, ज्यांची पावडर होते. प्रत या रेषेच्या खाली एक-एक पॉइंट उतरली की दर कापला जातो. किती कापायचा हे घेणारा ठरवतो. कधी पॉइंटमागे काही पैसे, कधी थेट रुपया. उन्हाळ्यात हिरवा चारा कमी झाला की पॉइंट उतरतातच, त्यामुळे जाहीर दर आणि हातात पडणारा दर यांची गाठ क्वचितच पडते. प्रत मोजणारे मिल्कोमीटर घेणाऱ्याचे, वजनकाटा घेणाऱ्याचा, नोंदवही घेणाऱ्याची. भावाने एकदा त्याच दिवसाचे दूध दोन केंद्रांवर तपासून घेतले. दोन ठिकाणी दोन आकडे आले. त्याने विचारले तर उत्तर मिळाले, 'पटत नसेल तर दुसरीकडे घाला.' त्या डेअरीचे नाव घेण्यात अर्थ नाही, सगळीकडे हेच उत्तर मिळते.

आता सायीकडे वळू, कारण या धंद्याचे गुपित तिथे आहे. शेतकऱ्याचे दूध ३.५ फॅटला मोजून घेतले. शहरात आपण जी साधी टोन्ड पिशवी घेतो तिच्यावर वाचा : फॅट ३.०. मधला अर्धा टक्का कुठे गेला? सेपरेटरमधून क्रीम होऊन बाहेर निघाला. अर्धा टक्का म्हणजे काहीच नाही असे वाटेल. एक लाख लिटर दुधाचे वजन सुमारे १ लाख ३ हजार किलो. त्याचा अर्धा टक्का म्हणजे पाचशे किलोहून अधिक निव्वळ स्निग्धांश आणि त्याचे सहाशे किलोच्या आसपास लोणी. हे एका लाख लिटरचे. यात बेकायदा काही नाही, टोन्ड दुधाचे प्रमाणच तसे ठरवलेले आहे. पण शेतकऱ्याचा एक पॉइंट कमी भरला तर रुपया कापणारा माणूस स्वतः पाच पॉइंट काढून घेऊन वेगळे विकतो, आणि 'दुधात काही सुटत नाही हो' असे सांगतो, तेव्हा त्याची वही पाहावीशी वाटते.

जे दूध पिशवीत खपत नाही ते पावडरीला जाते. महाराष्ट्रात गायीच्या दुधाचा मोठा भाग खाजगी डेअऱ्या घेतात आणि त्यातले बरेच पावडर-लोण्याकडे वळते. शंभर लिटर गायीच्या दुधापासून साडेआठ किलोच्या आसपास पावडर आणि चार किलोच्या वर लोणी निघते. त्यामुळे दुधाचा दर संगमनेरला किंवा इंदापूरला ठरत नाही, तो पावडरीच्या आणि लोण्याच्या घाऊक बाजारात ठरतो. तिथे भाव पडला की दुसऱ्या दिवशी केंद्राच्या फळ्यावर दर उतरतो. भाव चढला की मात्र फळ्याला पंधरवडा लागतो. २०२३ च्या सुरुवातीला काही भागांत गायीच्या दुधाला ३५ च्या वर दर मिळत होता. तो घसरू लागला म्हणून जुलै २०२३ मध्ये राज्य सरकारने किमान ३४ रुपये जाहीर केले. वर्ष संपायच्या आत शेतकऱ्याच्या हातात २५ ते २७ पडू लागले. सरकारने जाहीर केलेला दर न देणाऱ्याला शिक्षा काय? काही नाही, कारण त्यामागे कायदाच नव्हता. आपल्या वेतन कराराला कायद्याचे बळ नसते तर प्रशासनाने आपल्याला किती पगार दिला असता याची कल्पना करा.

त्याच काळात शहरात पिशवीचा दर पाच-सात रुपयांनी उतरला असे कोणाला आठवते का? मला आठवत नाही. पिशवी पन्नाशीच्या पुढेच राहिली. म्हणजे शेतकऱ्याचा दर पडला तरी तो फायदा कामगाराच्या घरी आला नाही. त्या दहा रुपयांचे काय झाले हा प्रश्न शेतकऱ्याने विचारायचा तसाच आपणही विचारायचा आहे.

मग अनुदान आले. जानेवारी २०२४ पासून लिटरला ५ रुपये. पण जनावराच्या कानात बिल्ला हवा, नोंदणी ऑनलाइन हवी, दुधाचे पैसे बँकेतून दिलेले हवेत. बारा आकड्यांपैकी एक आकडा चुकला तर अर्ज परत. ज्यांनी पेन्शनची कागदपत्रे फिरवली आहेत त्यांना हा अनुभव ओळखीचा वाटेल. जुलै २०२४ पासून सूत्र झाले ३० रुपये डेअरीने द्यायचे आणि ५ सरकारने. अकोले तालुक्यातल्या कोतूळ येथे दूध उत्पादक त्याच महिन्यात बेमुदत धरण्यावर बसले होते, कारण हे पुरेसे नव्हते. ऑक्टोबर २०२४ पासून सूत्र बदलले : २८ डेअरीचे आणि ७ सरकारचे. वर्तमानपत्रांत बातमी आली 'अनुदानात दोन रुपयांची वाढ'. नीट बेरीज करा. पूर्वी ३५, नंतरही ३५. शेतकऱ्याला एक पैसा वाढला नाही. सरकारी तिजोरीतले दोन रुपये डेअरीवाल्याच्या पदरात पडले आणि हार शेतकऱ्याच्या नावाने घातले गेले.

२०२० हे वर्ष आपण विसरलेलो नाही. त्या वर्षी केंद्राने आपले महागाई भत्त्याचे हप्ते गोठवले. जानेवारी २०२०, जुलै २०२० आणि जानेवारी २०२१ असे तीन. भत्ता १७ टक्क्यांवर अडकला तो जुलै २०२१ मध्ये २८ टक्के झाला, आणि अठरा महिन्यांची थकबाकी मिळाली नाही ती नाहीच. त्याच वर्षी हॉटेले, चहाच्या टपऱ्या, मिठाईची दुकाने बंद पडल्यामुळे दुधाचा दर कित्येक ठिकाणी वीस रुपयांच्या खाली गेला. आणि त्यातच जून २०२० मध्ये केंद्राने १० हजार टन दूध पावडर १५ टक्के सवलतीच्या शुल्कात बाहेरून आणायला मुभा दिली. देशात पावडर पडून असताना हे झाले. कामगाराचा भत्ता गोठवायचा आणि शेतकऱ्याचा दर पाडायचा, ही दोन्ही कामे एकाच उन्हाळ्यात उरकली गेली.

रेल्वे कामगाराने मात्र त्या दिवसांतही दूध थांबू दिले नाही. दिल्लीला आंध्रातल्या रेणिगुंट्याहून रेल्वेने दूध जाते. एरवी टँकर एक्स्प्रेस गाड्यांना जोडले जात. लॉकडाऊनमध्ये प्रवासी गाड्या बंद झाल्यावर २६ मार्च २०२० पासून दक्षिण मध्य रेल्वेने रेणिगुंटा ते हजरत निजामुद्दीन अशी 'दूध दुरांतो' चालवली. ४० हजार लिटरचे सहा टँकर एका खेपेला. लोको पायलट, गार्ड, पॉइंट्समन, स्टेशन मास्तर यांनी ती गाडी पळवली आणि दिल्लीतल्या मुलांना दूध मिळाले. टाळ्या आणि थाळ्या झाल्या, भत्ता मात्र गोठलेलाच राहिला.

रेल्वे आणि दूध यांचे नाते तसे फार जुने. १९४५ मध्ये बॉम्बे मिल्क स्कीम सुरू झाली तेव्हा मुंबईला आणंदहून रेल्वेने दूध येऊ लागले. खेडा जिल्ह्यातले ते दूध गोळा करण्याचा मक्ता पोल्सन कंपनीकडे होता. मुंबईत दूध चांगल्या भावाने विकले जाई, शेतकऱ्याला मधल्या दलालाकडून पडेल तो दर मिळे. शेतकरी सरदार पटेलांकडे गेले. त्यांनी सांगितले, स्वतःची सहकारी संस्था काढा, आणि त्यासाठी दूध बंद करावे लागले तरी करा. १९४६ मध्ये खेड्यातल्या शेतकऱ्यांनी पंधरा दिवस मुंबईला दूध जाऊ दिले नाही. त्या संपातून त्रिभुवनदास पटेलांच्या नेतृत्वाखाली खेडा जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ उभा राहिला. कुरियन साहेब तिथे १९४९ मध्ये आले. आज ज्याला अमूल म्हणतात त्याचा पाया संपाचा आहे. दूध ओतणाऱ्या शेतकऱ्याला नावे ठेवताना एवढे लक्षात ठेवावे.

कारण जून २०१७ मध्ये पुणतांब्याहून शेतकऱ्यांचा संप सुरू झाला, रस्त्यावर दूध ओतले गेले, तेव्हा आपल्याच सभासदांत मोठी कुरबुर झाली होती. लहान मुलांच्या तोंडचे दूध ओतता, हे पाप आहे, असे म्हणणारे पुष्कळ होते. दूध वाया जाणे मलाही आवडत नाही. गरिबांत वाटले असते तर बरे, असे मी तेव्हाही म्हणालो. पण १९७४ च्या मे महिन्यात वीस दिवस रेल्वे बंद होती तेव्हा आपल्या वडीलधाऱ्यांना काय काय ऐकावे लागले होते? देशाचे कोळसा-धान्य अडवता, देशद्रोही आहात. हजारोंना तुरुंगात टाकले, क्वार्टरमधून कुटुंबे बाहेर काढली. काम थांबवणे हेच ज्याच्या हातातले एकमेव हत्यार आहे त्याने ते उचलले की पापपुण्याचा हिशेब सुरू होतो. दर पडतो तेव्हा तो हिशेब कोणी काढत नाही. जुलै २०१८ मध्ये दूध बंद झाले तेव्हाच २५ रुपये दर मिळाला.

शहराच्या बाजूनेही एक तटबंदी होती, ती पडली. मुंबईत वाढलेल्या माझ्या पिढीला आरेची केंद्रे आठवतात : हातात कार्ड, पिशवीत रिकाम्या काचेच्या बाटल्या आणि पहाटेची रांग. त्या दुधाविषयी तक्रारी नव्हत्या असे नाही. पण सरकार स्वतः खरेदीदार होते, म्हणून खाजगीवाल्याला शेतकऱ्याचा दर एका मर्यादेखाली पाडता येत नव्हता आणि शहरातला दर एका मर्यादेवर नेता येत नव्हता. आज ती यंत्रणा नावापुरती उरली आहे. कुर्ल्याच्या मदर डेअरीची जमीन २०२४ मध्ये धारावी पुनर्विकासासाठी देण्यात आली. राज्याच्या महासंघाची महानंद डेअरी गोरेगावला १९८३ मध्ये उभी राहिली. तिचे व्यवस्थापन २०२४ मध्ये राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाकडे गेले, आणि त्याआधी पगार थकलेल्या कामगारांपुढे स्वेच्छानिवृत्तीचे अर्ज ठेवले गेले. आपल्याकडे वर्कशॉप आणि छपाईखाने जसे आधी तोट्यात दाखवले आणि मग 'पुनर्रचना' केली, त्याच पुस्तकातले हे पान आहे. यात संचालक मंडळांवरच्या पुढाऱ्यांनी सहकाराला कसे पोखरले हेही सांगितले पाहिजे. स्वतः सहकारी संघाचे अध्यक्ष आणि शेजारी घरच्यांच्या नावाने खाजगी डेअरी, अशी जोडी आपल्या राज्यात नवी नाही.

तरी जिथे संस्था जिवंत आहे तिथे फरक दिसतो. कोल्हापूरचा गोकुळ दूध संघ दिवाळीला दर फरक देतो आणि त्या पैशावर गावोगावचा बाजार फुलतो. गुजरातचे संघ ग्राहकाच्या रुपयातले ८० पैसे किंवा त्याहून अधिक उत्पादकाकडे जातात असे सांगतात. कर्नाटकात सरकार सहकारी संघांना दूध घालणाऱ्यांना लिटरमागे ५ रुपये प्रोत्साहन देत आले आहे, आणि एप्रिल २०२५ मध्ये नंदिनीचा दर ४ रुपयांनी वाढवला तो शेतकऱ्यापर्यंत पोचवण्यासाठी असे जाहीर केले. तरीही बंगळूरची पिशवी मुंबईच्या पिशवीपेक्षा स्वस्तच राहिली. हुबळी-बेळगावकडच्या आपल्या मराठी साथींना हे घरबसल्या दिसते. उत्पादकाला जास्त द्या आणि ग्राहकाकडून कमी घ्या, हे होऊ शकते. मधला हिस्सा आवरावा लागतो.

टपालातल्या साथींसाठी एक गोष्ट मुद्दाम लिहितो. ग्रामीण डाक सेवकाच्या भरतीचा नियमच सांगतो की त्याला उपजीविकेचे दुसरे साधन असले पाहिजे. चार-पाच तासांचे काम, त्यावर भत्ता, आणि बाकीचे घर दुसऱ्या साधनावर. खेड्यात हे दुसरे साधन म्हणजे पुष्कळदा दावणीच्या दोन गाई. म्हणजे सरकार त्याला पूर्ण पगार देत नाही, कारण त्याच्याकडे दूध आहे. आणि दुधाला पूर्ण दर मिळत नाही, कारण... याचे उत्तर खात्याने द्यावे. त्याच्या मागण्यांच्या पत्रकात दुधाचा दर हा परका विषय कसा ठरतो?

गोठ्यावरचा भार नुसता दराचा नाही. २०२२ च्या पावसाळ्यात लम्पीने दावणी रिकाम्या केल्या. संकरित गाय भाकड झाली किंवा गोऱ्हा जन्मला तर त्याचे काय करायचे हा प्रश्न २०१५ च्या कायद्यानंतर फार अवघड झाला. विकता येत नाही आणि पोसणे परवडत नाही. धर्माच्या वादात मला शिरायचे नाही. एवढेच म्हणतो की जे जनावर पाळण्याचा कायदा केला त्याच्या चाऱ्याची तरतूदही कायद्यात करायला हवी होती. भारत १९९८ पासून जगात दूध उत्पादनात पहिला आहे, २०२३-२४ मध्ये २३ कोटी ९० लाख टनांच्या वर उत्पादन झाले, असे भाषणात सांगितले जाते. हे दूध मोठ्या फार्मांतून येत नाही, बहुतेक दोन-चार जनावरांच्या गोठ्यांतून येते.

उसाला किमान भाव कायद्याने आहे. एफआरपी दिली नाही तर कारखान्यावर जप्तीची नोटीस निघते; साखर आणि उपपदार्थांच्या उत्पन्नात ७० टक्के शेतकऱ्याचे असे तत्त्व राज्याने २०१३ च्या कायद्यात घेतले. दुधाला असा कायदा असावा आणि त्यात पेंड-चाऱ्याच्या भावाप्रमाणे दर सहा महिन्यांनी दर फिरता राहावा, म्हणजेच दुधाला महागाई भत्ता लागू व्हावा, अशी मागणी आपल्या शाखांनी ठरावात घ्यावी असे माझे मत आहे. काटे आणि मिल्कोमीटर यांची तपासणी घेणाऱ्याच्या हातात नसावी, ही दुसरी. दर वाढला तर आपल्या पिशवीचे काय, हा प्रश्न सभेत येणारच, आणि यायला हवा. त्याला उत्तर म्हणून वरचे २०२३ चे आकडे वाचून दाखवा : शेतकऱ्याचे दहा रुपये गेले तेव्हा आपल्याला एक रुपयाही मिळाला नव्हता.

ठरावाची वाट न पाहता एक काम लगेच करता येईल. जिथे कँटीन समितीवर किंवा ग्राहक सोसायटीवर आपले प्रतिनिधी आहेत तिथे त्यांनी दूध खरेदीचा कागद मागून पाहावा : दूध सहकारी संघाचे की खाजगीचे, दर काय, पिशवीवर फॅट किती. आणि ज्यांचे घर गावाकडे आहे त्यांनी पुढच्या रजेत गावच्या केंद्रावरचा फळा वाचून त्या तारखेचा दर आणि पेंडेच्या पोत्याचा भाव या दोन ओळी पोस्टकार्डावर शाखेला कळवाव्यात.